नाताळ तोंडावर, खिसा तंग: गोव्यातल्या भरल्या घरांनी या चुका टाळा

नाताळचा खर्च हाताबाहेर गेला की आपण महागाईला बोल लावतो. महागाई आहेच. नारळाचा भाव विचारला तरी ते कळतं, आणि गोव्याच्या नाताळात नारळाशिवाय पान हलत नाही. पण एकाच वाड्यावरची, साधारण सारख्या मिळकतीची दोन घरं पाहा. एका घरात 25 तारखेला सगळी मंडळी निवांत जेवत असतात, दुसऱ्या घरात दुकानदाराची उधारी कशी फेडायची याची कुजबुज चाललेली असते. माझं मत असं की हा फरक बहुतेक वेळा घाईमुळे पडतो. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निगुतीने, भाव पाहून जे झालं असतं, तेच 23 तारखेला पर्यटकांच्या गर्दीत, सांगतील त्या दराने उरकावं लागतं.

मी मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन बार्देशात आले. माहेरी नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या आणि घरोघर फिरणारी कॅरलची मंडळी. इथे कुस्वाराचं (नाताळच्या गोडधोडाचं) ताट, सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण), सान्नां (तांदळाची मऊ इडलीसारखी वाफवलेली), गोठा (येशूजन्माचा देखावा), नक्षत्र (ताऱ्याचा कंदील) आणि मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना). घरात सासूबाई, दोन जावा, मुलं, शिवाय पुण्याहून येणारी नणंद आणि तिचं कुटुंब. अशा घराचा नाताळ ज्यांना सांभाळायचा असतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कुस्वाराचा प्रत्येक जिन्नस घरीच करण्याचा हट्ट

नेवऱ्या (करंज्या), कुलकुल (तळलेले छोटे गोड शंख), दोदोल, बिबिंका, बाथ (रवा-नारळाचा केक), दोस, पेराद, कोकाद, बोलिन्यास (नारळाची बिस्किटं), पिनाग. यादी वाचूनच दम लागतो. पूर्वी हे सगळं घरी व्हायचं कारण घरात माणसं होती, चूल होती, परसात माड होते. आज सिलिंडर, अंडी, तूप, नारळ सगळं विकतचं, आणि घरातल्या दोघी-तिघी नोकरीला. बिबिंकाचंच घ्या. परंपरेने ती 7 किंवा 16 थरांची, एकेक थर वरून उष्णता देऊन भाजायचा, तो झाल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही. वर अंड्यांचे बलक ढीगभर. 2023 मध्ये गोव्याच्या बिबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण महिन्याचं बजेट आवळलेलं असेल त्या वर्षी बिबिंका घरी करायला घेऊ नये, एवढं मी स्पष्ट सांगेन. गावातल्या एखाद्या बाईकडून, जी दरवर्षी करून विकते, छोटी बिबिंका आधी सांगून घ्या. तुमचा गॅस आणि दिवस वाचतो, तिलाही चार पैसे मिळतात.

घरी तीनच जिन्नस करा आणि बाकीची वाटणी करा. आमच्या वाड्यावर हे आपोआप होतं: एका घरचा दोदोल, दुसरीच्या नेवऱ्या, तिसरीची बोलिन्यास, आणि मग डबे इकडून तिकडे जातात. दिवाळीत हिंदू शेजाऱ्यांकडून फराळ येतो, त्यांनाही ताट जायचंच असतं, तेव्हा थोडं जास्तीचं धरा. मात्र वाटणी नोव्हेंबरअखेर ठरली पाहिजे. 15 डिसेंबरला विचारायला गेलात तर तिन्ही घरांत नेवऱ्याच झालेल्या असतात.

करण्याचा क्रमही टिकण्यावर ठरवा. कुलकुल, बोलिन्यास हवाबंद डब्यात सहज आठवडे राहतात, ते आधी. मग दोदोल. सुक्या सारणाच्या नेवऱ्या शेवटच्या आठवड्यात. बाथ अगदी शेवटी.

बिघडलं तर टाकू नका

खर्च वाढण्याचं एक कारण कोणी हिशेबात धरत नाही, ते म्हणजे वाया गेलेला घाणा. थोडं थांबून पाहिलं तर बरंचसं सावरता येतं.

दोदोल खाली लागला, ही सगळ्यात मोठी धडकी. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ, तिन्ही महाग. लागल्याचा वास येताच आपला हात जोरात ढवळू लागतो आणि तळाची करप खरवडून वर आणतो. तिथेच घाणा हातचा जातो. गॅस बंद करा, तळाला उलथनं न लावता वरचं मिश्रण दुसऱ्या जाड बुडाच्या टोपात काढा, चमचाभर चाखा. कडवट नसेल तर मंद आचेवर पुढे चालू ठेवा. दोदोल झाल्याची खूण घड्याळात शोधू नका: कडेने तेल सुटू लागतं, गोळा टोपाची बाजू सोडतो आणि ढवळताना हात जड होतो. त्याआधी उतरवला तर थाळीत ओतल्यावर वड्या पडत नाहीत. तसं झालं तरी तो परत टोपात घालून आटवता येतो, घाबरू नका.

नेवऱ्या तेलात फुटल्या, तर दोष बहुधा सारणाच्या मापाचा किंवा नीट न दाबलेल्या कडांचा. एक फुटली की सारण तेलात उतरतं, जळतं, आणि पुढच्या सगळ्या नेवऱ्यांना काळे ठिपके पडतात. अशा वेळी तेल गाळून घ्या आणि मगच पुढचा घाणा सोडा. सारणात ओलं खोबरं घातलं असेल तर त्या नेवऱ्या दोन-तीन दिवसांत संपवाव्या लागतात. ज्यांना आठ-दहा दिवस ठेवायच्या आहेत त्यांनी सुकं खोबरं, तीळ, खसखस यांवर भर द्यावा. काजू कमी करून तीळ वाढवले तर चवीला बाध येत नाही, आणि खर्चात फरक पडतो.

कुलकुल मऊ पडले तर मंद तेलात पुन्हा तळा, किंवा ओव्हन असल्यास कमी आचेवर सुकवा. मुलांना फणी किंवा काट्याचा चमचा देऊन कुलकुल वळायचं काम सोपवता येतं, पण कडा नीट दाबल्यात का ते मोठ्याने पाहावं, नाहीतर ते तेलात उलगडतात. बाथाचा भुगा होतो, कारण रवा भिजायला वेळ मिळालेला नसतो. मिश्रण रात्रभर ठेवा. भुगा झालाच तर दुधात कालवून, वर साखर घालून मुलांच्या न्याहारीला द्या.

सान्नां फुगली नाहीत अशी तक्रार डिसेंबरात हमखास येते. रात्री हवा गार असते. सूर (ताजी माडी) मिळत असेल तर उत्तमच, पण हल्ली बरीच घरं यीस्टवर करतात. कोमट पाण्यात साखर घालून यीस्ट आधी फेसाळतं का ते पाहून घ्या. फेस आलाच नाही तर ते जुनं आहे, पिठात घालून तांदूळ वाया घालवू नका. पीठ उबदार जागी, झाकून ठेवा.

सोरपोतेल 24 तारखेला शिजवणं

ही चूक नव्या सुना करतात आणि त्यांना कोणी वेळेवर सांगत नाही. सोरपोतेल ताजं चांगलं लागत नाही. व्हिनेगर आणि मसाला मांसात मुरायला दोन-तीन दिवस हवेत. 21 किंवा 22 ला शिजवलं, दर दिवशी एकदा नीट उकळी आणली, की 25 ला ते खरं जमतं. आंबटपणा दिवसागणिक वर येतो, म्हणून पहिल्या दिवशी व्हिनेगर बेताने घाला; जास्त झालंच तर परतलेला कांदा आणि किंचित गूळ. 24 ला डुकराच्या मांसाच्या दुकानापुढची रांग आणि भाव दोन्ही टळतात, आणि त्या दिवशी स्वयंपाकघर मोकळं राहतं.

चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) महाग वाटत असेल तर ते वेगळं पक्वान्न म्हणून करू नका. थोडंसं सोडवून भातात घाला, अख्ख्या पातेल्याला चव येते. आणि पोदेराला (पाववाल्याला) आधीच सांगून ठेवा. सणाच्या दिवशी सकाळी उंडे आणि पोळ्या (दोन्ही गोव्याचे पाव) हव्या तेवढ्या मिळतीलच असं नाही, मग शेवटी बेकरीतला महाग ब्रेड आणावा लागतो.

“काही नको गं, तुम्ही फक्त या”

नणंदेचा फोन येतो: “वहिनी, येताना काय आणू?” आपण मानाने, मायेने म्हणतो, “काही नको गं, तुम्ही फक्त या.” माझ्या मते अख्ख्या नाताळातलं हे सगळ्यात महाग पडणारं वाक्य. समोरचा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. तो तीन किलोचा केक आणतो, जो आपल्याकडे आधीच दोन असतात. त्याऐवजी सरळ सांगावं: “सुकं खोबरं, मनुका आणि खसखस पुण्याच्या घाऊक बाजारातून आणशील का? पंधरा तारखेच्या आत कोणाबरोबर तरी पाठव.” तिला बरं वाटतं, आपलं काम होतं. धाकट्या दिरांनाही असंच. “भावजी, 25 ची मासळी तुमच्याकडे” म्हटलं की ते पहाटे मार्केट गाठतात. “बघा काहीतरी” म्हटलं की कोणीच बघत नाही.

कामाचंही तेच. एकाच बाईने बाजार, तळण, साफसफाई, पाहुणे आणि मुलांचे कपडे सगळं ओढलं, की 22 तारखेला ती थकते, आणि थकलेलं घर पैसे टाकून सुटका करून घेतं: बाहेरचं जेवण, टॅक्सी, तयार मिठाई. आमच्या सासूबाईंना सगळे माई म्हणतात. वय झालंय, उभं राहवत नाही, पण कुलकुल बसून करता येतात आणि मुलांना गोठ्याची गोष्टही सांगता येते. “माई, फणी कुठंय?” असं विचारलं की त्या खुलतात. प्रत्येकाला झेपेल असं एक काम नावाने द्या, कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

बाहेरगावहून येणाऱ्यांच्या तिकिटांची आठवण तुम्हीच करा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं, म्हणजे 24 डिसेंबरच्या गाडीचं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. मुंबईहून येणाऱ्यांना कोकणकन्या किंवा मांडवी मिळाली नाही, तर सुट्टीतल्या खासगी बसचं भाडं डोळे पांढरे करतं. परतीचंही तेव्हाच काढायला सांगा.

बाजार कधी, कुठे

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आपल्या हाताशी आहे, पण नाताळाच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी तिथे जाऊ नका. डिसेंबरच्या पहिल्या दोन शुक्रवारांत काम उरका. पणजीला 8 डिसेंबरच्या फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) फेरीत, म्हणजे जत्रेत, भांडी, चादरी, कपडे मिळतात. घासाघीस करायची तयारी हवी. किराणा गोवा बागायतदारच्या दुकानातून, भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून. गाड्यावर सकाळी लवकर गेलात तरच चांगला माल मिळतो.

यादी करताना आधी घरातले डबे उघडा. मैदा, रवा, साखर बहुतेक घरांत असतेच आणि आपण तरीही नवी आणतो. मागच्या वर्षीची खसखस, तीळ मात्र वास घेऊन, चाखून पाहा. खवट तीळ अख्ख्या नेवऱ्यांची चव घालवतात.

गोठा, नक्षत्र आणि भेटी

यात पैसे घालायची फारशी गरज नाही. नक्षत्र बांबूच्या कामट्यांचं घरी होतं, ज्या मुलाला आकाशकंदील येतो त्याला तेही येतं. झाड म्हणून सुरूची एखादी छाटलेली फांदी पुरते. गोठ्यातल्या हिरवळीसाठी करवंटीत किंवा ताटलीत नाचणी पेरा, साधारण आठ-दहा दिवस आधी. महिन्याच्या सुरुवातीला पेरली तर 24 पर्यंत पिवळी पडून झोपते. 20 ला पेरली तर कोंब जेमतेम डोकं काढतात. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर कुजते. दिव्यांच्या जुन्या माळा आधी लावून पाहा आणि वायर कुठे उघडी पडली असेल तर ती माळ वापरू नका.

भेटवस्तूंचा खर्च मात्र लपून वाढतो. दहा-बारा माणसांच्या घरात प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं म्हटलं तर हिशेबच लागत नाही. मोठ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका, एकाने एकालाच द्यायचं, रकमेची मर्यादा सर्वांत कमी कमावणाऱ्याच्या सोयीने ठरवा. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. नुकती नोकरी सुटलेला दीर किंवा एकटीने मुलं वाढवणारी नणंद सगळ्यांसमोर कधीच “मला परवडत नाही” म्हणणार नाही. मुलांना मात्र भेट हवीच. त्यांना वर्षाची परिस्थिती साध्या शब्दांत आधी सांगितली तर ती समजून घेतात. 24 च्या रात्री गप्प राहून दिलेली लहान भेट त्यांना जास्त लागते.

सगळा पैसा 25 लाच संपवणं

नाताळ 25 ला संपत नाही. 31 ला मुलांना गावातल्या डान्सचं तिकीट हवं असतं, नव्या वर्षाच्या दिवशी पुन्हा माणसं जेवायला येतात, आणि 6 जानेवारीला तीन राजांचं फेस्त. चांदोर, कांसावली किंवा रेईश मागूशला नातलग असतील तर तिकडचं जाणं-येणं आलंच. म्हणून नाताळाचे पैसे सुरुवातीलाच दोन पाकिटांत घाला: एक 25 पर्यंतचं, दुसरं त्यानंतरचं, आणि दुसरं पाकीट माईंसारख्या कोणा वडीलधाऱ्याकडे द्या, जिथे मागताना कारण सांगावं लागेल.

आणि 27 ला पहिलं पाकीट रिकामं, दुसरं अर्धं झालंच असेल, तर उधार आणू नका. फ्रिज उघडा. उरलेलं सोरपोतेल उंड्याबरोबर रात्रीचं जेवण होतं, भाजलेल्या मांसाचे तुकडे पुलावात जातात, शिल्लक नेवऱ्या 1 तारखेच्या पाहुण्यांपुढे चालतात. डान्सला जायचं की 6 तारखेच्या फेस्ताला, हे मुलांनाच निवडू द्या.