पडवीतला भेक ओळखायचा तर

मिरगाचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी पडवीतल्या दिव्याभोवती वाळवीची पाखरं जमतात आणि त्यांच्या मागोमाग भेक, म्हणजे फोडाफोडांच्या अंगाचा टोड, येतो. त्याला ओळखायची हीच वेळ, पण तयारी उजेडीच करून ठेवावी. गमबूट उपडे करून झटकावेत, काठी हाताशी ठेवावी; चिऱ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, ज्या सांदीत भेक बसतो तिथे फुरसं हा विषारी सापही असू शकतो, तेव्हा सांदीत हात घालायचा नाही. बॅटरी चार्ज केलेली हवी आणि झोत डोळ्यांवर न मारता बाजूने टाकायचा. कंपासपेटीतली पट्टी खिशात असू द्या. भेकाशेजारी ती ठेवून वरून एक फोटो, मग डोक्याचा बाजूने आणि मागच्या पायाचा. एवढ्यासाठी त्याला पकडावं लागत नाही.

पाहायला सुरुवात डोक्यापासून करा, रंगाला भुलू नका; एकाच अंगणात मातकट, काळपट, तांबूस असे सगळे भेटतात. डोळ्यांच्या वरून आणि पुढे-मागे काजळाने कोरल्यासारख्या काळ्या उंच कडा दिसल्या, डोळ्यामागे घेवड्याच्या दाण्यासारखा फुगवटा दिसला, अंगावरच्या फोडांना काळी टोकं आणि बोटांची अग्रंही काळी असली, तर तो आपला नेहमीचा भेक, शास्त्रीय नाव डुट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. नावातला डुट्टा म्हणजे ओडिशाचे बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता. पावसात शेतात ओरडणारा पिवळाधमक नर मात्र भेक नव्हे, तो मोठा बेडूक. डबक्यातली अंडीही बघून ठेवा: भेकाची काळ्या मण्यांच्या लांब माळेसारखी असतात, माळ गवताला गुंडाळलेली सापडते.

घर आंबोलीला असेल तर जास्तच जपून पाऊल टाका. तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कुशीवर पिवळे डाग असलेला छोटा भेक राहतो. शास्त्राला तो 2009 साली कळला आणि आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. सड्यावरच्या उथळ डबक्यातून गाडी घालू नका, तीच त्याची वीण घालायची जागा.

डोळ्यामागचा तो फुगवटा विषाची ग्रंथी आहे. हात लावल्याने चामखीळ येत नाही, पण पोराने उचललाच तर डोळे चोळण्याआधी साबणाने हात धुवायला लावा. कुत्र्याने तोंडात धरला आणि फेस आला तर तोंड पाण्याने धुऊन लगेच गुरांच्या डॉक्टरकडे न्या.

आणि न्हाणीत आला म्हणून त्याच्यावर मीठ टाकू नका, कळकळीने सांगतो. तो कातडीनेच पाणी पितो. मिठाने ती होरपळते आणि तो तडफडून मरतो. सुपलीत घेऊन माडाच्या आळ्यात सोडा. पाण्याच्या टाकीत पडला असेल तर एक फळी तिरकी लावून ठेवा, रात्रीत आपणहून वर येतो.