घरासाठी आई-बाबांकडून पैसे येणार असतील तर (अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी)

डाउन पेमेंटला आई-बाबांनी हातभार लावणं आपल्याकडे नवीन नाही. गोंधळ होतो तो दोन देशांच्या उलट्या नियमांमुळे. भेटीवरचा कर भारतात लागलाच तर घेणाऱ्याला लागतो, इथे देणाऱ्याला. भारताच्या कायद्यात आई-वडील ‘नातेवाईक’, म्हणून तिथे शून्य. ते इथले रहिवासी नाहीत आणि रक्कम भारतातल्या खात्यातून वायरने येते, म्हणून इथेही शून्य. कर नाही, पण फॉर्म आहेत, आणि दंड बसतो तो फॉर्म चुकल्याचा.

आधी भारतातली बँक. एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात. पॅन आणि बँकेचा ए-२ फॉर्म लागतो, त्यात पाठवण्याचं कारण म्हणून ‘गिफ्ट’ लिहायचं. चटका बसतो टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ गोळा करते त्या कराचा. समजा चाळीस लाख रुपये पाठवायचे आहेत. सगळे बाबांच्या खात्यातून एकदम निघाले, तर दहा लाखांवरच्या तीस लाखांवर २० टक्के, म्हणजे सहा लाख, बँक वर मागते. तेच आई आणि बाबांनी आपापल्या खात्यातून प्रत्येकी दहा लाख मार्चमध्ये आणि दहा लाख एप्रिलमध्ये पाठवले, तर टीसीएस शून्य. अट एवढीच, की त्या वर्षांत त्यांनी बाहेर दुसरं काही पाठवलेलं नसावं. कापला गेलाच तर तो बुडत नाही, पाठवणाऱ्याच्या आयटी रिटर्नमधून परत मिळतो. पण पेन्शनवर जगणाऱ्या आई-बाबांचे सहा लाख काही महिने कशाला अडकवायचे?

इथलं करवर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे मार्च-एप्रिलची फोड इथे कामाची नाही. एका वर्षात परदेशी व्यक्तीकडून एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट आली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. आईचे साठ हजार आणि बाबांचे साठ हजार वेगळे धरू नका. एकमेकांच्या नात्यातल्यांची बेरीज होते. हा फॉर्म १०४० सोबत, म्हणजे इथल्या वार्षिक आयकर रिटर्नसोबत, जात नाही, ऑग्डेन, युटाला वेगळा पाठवायचा. उशिराचा दंड दरमहा भेटीच्या ५ टक्के, कमाल २५. एकही डॉलर कर नसलेल्या व्यवहारावर!

आई-बाबा भेटीला येताना नोटा आणतील, हा विचार सोडून द्या. दहा हजार डॉलरच्या वर विमानतळावर जाहीर करावे लागतात, आणि एकत्र आलेल्या कुटुंबाची रक्कम एकच धरतात. पण खरी अडचण त्यानंतरची. नोटा इथे हातात दिल्या की ती अमेरिकेत दिलेली भेट ठरते. एकाने एकाला वर्षाला १९,००० डॉलरच्या (२०२५ आणि २०२६ चा आकडा) वर दिले, तर देणाऱ्यावर फॉर्म ७०९ (इथलं भेट-कराचं रिटर्न) आणि कर येतो. इथल्यांना मिळणारी मोठी आजीवन सूट त्यांना नाही.

भारताच्या कायद्यातली नात्यांची व्याख्याही नीट बघा. काका, मामा, आत्या, मावशी चालतात. चुलत-मामे भावंडं चालत नाहीत. त्यांच्याकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर आलं तर पूर्ण रक्कम भारतात तुमचं करपात्र उत्पन्न. गंमत म्हणजे मामाने भाच्याला दिलेलं करमुक्त, भाच्याने मामाला दिलेलं नाही.

कर्ज देणारी बँक गिफ्ट लेटर मागेल: रक्कम, नातं, देणाऱ्याचा पत्ता, सही आणि ‘ही रक्कम परत करायची नाही’ हे वाक्य. सोबत माग लागतो: मोडलेल्या एफडीची पावती, बाबांच्या खात्याचा उतारा, वायरची प्रत. पैसे मध्ये मित्राच्या खात्यातून फिरवले की हा माग तुटतो आणि फाइल अडते.

उलट दिशेला, तुम्ही आई-बाबांना पाठवताना वर्षाला प्रत्येकी १९,००० डॉलरपर्यंत कुठलाही फॉर्म भरायचा नाही. त्याच्या वर गेलं तर फॉर्म ७०९.

आणि आई-बाबांच्या खात्यावर सोयीसाठी तुमचं दुसरं नाव असेल, तर ते खातं तुमच्या एफबारमध्ये (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देण्याचा फॉर्म) पूर्ण शिलकीसह येतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तरी भरायचा. ऑनलाइन, १०४० पासून वेगळा, १५ एप्रिलपर्यंत, आणि चुकला तर आपोआप मिळणाऱ्या मुदतवाढीत १५ ऑक्टोबरपर्यंत.