उभ्या राहिलेल्या गाडीला लगेच स्टार्टर मारू नका

वर्षानुवर्षे उभी असलेली फोर-बाय-फोर घरी आली की पहिला मोह होतो बॅटरी जोडून चावी फिरवायचा. थांबा. पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला चिकटल्या असतील, तर स्टार्टरच्या झटक्याने त्या तुटू शकतात.

पेट्रोल इंजिन असेल तर स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ तेल सोडा आणि एक-दोन दिवस तिकडे फिरकू नका. (सुट्टीलाच पाना हातात घेणाऱ्याला हे सोयीचंच.) मग गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला लांब पाना लावा आणि इंजिन हाताने, नेहमीच्या दिशेनेच फिरवा, उलट फिरवलं तर बोल्टच सुटायचा. अडलं तर जोर नको. आणखी तेल, आणखी एक रात्र.

दोन पूर्ण फेऱ्या मोकळ्या झाल्या की इंजिन ऑइल बदला. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलची वायर सोडवून, प्लगच्या भोकांवर फडकं टाकून प्लगविनाच थोडा स्टार्टर मारा. तेल चांगलंच उडतं, तोंड लांब ठेवा. टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र त्याआधीच काढलेलं हवं. त्याचा चिकट गाळ कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रं, बुजवतो.