दर्पणप्रश्न : काळा आरसा घरी तयार करण्याची आणि त्यात पाहण्याची पद्धत

दर्पणप्रश्न म्हणजे मनात एक प्रश्न धरून आरशात पाहत राहणे आणि तेथे उमटणाऱ्या प्रतिमांत त्याचे उत्तर शोधणे. भिंतीवरच्या किंवा कपाटाच्या दारावरच्या नेहमीच्या आरशात असा प्रश्न पाहू नये, ही मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सूचना आहे आणि म्हणून ती आरंभीच देते. असा आरसा समोरून आलेला जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे पाहणाऱ्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःचाच चेहरा दिसत राहतो. मंद उजेडात स्वतःच्या चेहऱ्याकडे एकटक पाहिल्यास काय घडते, हे इटलीतील मानसशास्त्रज्ञ जिओव्हानी कापुतो यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नोंदवले आहे. ५० जणांना २५ वॅटच्या दिव्याच्या उजेडात आरशासमोर दहा मिनिटे बसवले असता ६६ टक्के लोकांना आपला चेहरा विलक्षण बदललेला दिसला, २८ टक्के लोकांना अनोळखी माणूस दिसला आणि ४८ टक्के लोकांना चित्रविचित्र किंवा राक्षसी आकृती दिसल्या. हे सारे साधारण मिनिटभरातच सुरू झाले होते. नजर एका जागी खिळली की तिच्या कडेच्या गोष्टी विरून जातात, हे स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्येच लिहून ठेवले होते. विरून गेलेले भाग मेंदू आपल्या परीने भरून काढतो. पहिल्याच रात्री समोर आलेला भेसूर चेहरा हा असा डोळ्यांचा व्यापार असतो. त्याला कौल मानून घाबरलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि ती भीती पूर्णपणे टाळता येण्यासारखी होती, याचे मला आजही वाईट वाटते.

यावरचा उपाय म्हणजे काळा आरसा, आणि त्यात आपला चेहरा दिसणार नाही असा तो तिरका ठेवणे.

काळा आरसा करण्यासाठी तसबिरीला बसवतात तशी साधी, सपाट, निर्दोष काच पुरते. नाशिकमध्ये फोटोफ्रेम करणाऱ्या कोणत्याही दुकानात आठ बाय दहा इंचांची काच मापाने कापून मिळते. कापल्यावर तिच्या कडा घासून घेण्यास आवर्जून सांगावे, कारण अंधारात हाताळायच्या वस्तूला धारदार कडा असू नये. काच घरी आणल्यावर एका बाजूने स्पिरिटने पुसावी आणि त्यानंतर त्या बाजूला बोट लावू नये, कारण बोटांचा तेलकटपणा राहिलेल्या जागी रंग धरत नाही. याच बाजूला शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग किंवा काळा स्प्रे पातळ थरांमध्ये द्यावा. एकच जाड थर देण्याचा मोह होतो, परंतु जाड थर वरून सुकतो आणि आतून ओला राहतो. मी माझा पहिला आरसा आषाढात पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर पत्र्याखाली रंगवला. हवेतील ओलाव्यामुळे तो चार दिवस चिकट राहिला आणि शेवटी त्याला फोड आले. दुसरा मार्गशीर्षात रंगवला, तेव्हा कोरड्या हवेत एका दिवसात तीन थर सुरेख बसले. शेवटचा थर सुकल्यावर काच सूर्याच्या दिशेने धरून पाहावी. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले, तर त्या जागी पुन्हा रंग लावावा. आपण पाहणार आहोत ती बाजू रंगवलेली नसते. न रंगवलेल्या बाजूने काचेतून मागच्या काळ्या थराकडे पाहायचे असते, आणि खोल विहिरीत डोकावल्यासारखा जो भास होतो तो त्यामुळेच.

ज्यांना काच आणि रंग यांचा खटाटोप नको असेल, त्यांनी पाण्याचे भांडे घ्यावे. भांडी बाजारातल्या चकचकीत तांब्यापितळेचा येथे उपयोग नाही, आणि कल्हई केलेले भांडे तर मुळीच घेऊ नये, कारण कल्हईचा पांढरा तळ उजेड उसळवतो. वर्षानुवर्षे न घासलेले, काळवंडलेले ताम्हण किंवा घरातली लोखंडी कढई अधिक योग्य. तिच्यात तीन बोटे पाणी घालावे, पंखा बंद करावा आणि पाणी पूर्ण निवळू द्यावे. माझ्या अनुभवात पाणी काचेपेक्षा लवकर साथ देते, परंतु जवळून अवजड वाहन गेले तरी ते थरथरते, म्हणून रस्त्याकडेच्या घरांत काच बरी. रामकुंडावर किंवा गोदावरीच्या इतर घाटांवर बसून हा प्रयोग करावा, असे काहींना वाटते. तेथे लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन आलेले असतात. आपल्या जिज्ञासेसाठी त्यांच्यामध्ये जाऊन बसू नये.

ही पद्धत बाहेरून आलेली आहे असा समज असतो, म्हणून थोडे विषयाच्या मुळाकडे वळते. ‘आरसा’ हा शब्द संस्कृत ‘आदर्श’ या शब्दापासून प्राकृतातून मराठीत आला आणि त्याचेच पाली रूप ‘आदास’ असे आहे. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील पहिल्याच सुत्तात (उपदेशात), म्हणजे ब्रह्मजालसुत्तात, भिक्खूंनी कोणत्या विद्यांवर उपजीविका करू नये याची मोठी यादी आहे आणि तिच्यात ‘आदासपञ्ह’ हा शब्द येतो. आरशात देवता उतरवून तिला प्रश्न विचारणे, असा त्याचा अर्थ अट्ठकथेत, म्हणजे त्यावरील पाली टीकेत, दिला आहे. त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेणी या नाशिकच्या बौद्ध लेण्यांच्या पायऱ्या चढताना मला ही यादी नेहमी आठवते. तेथे आक्षेप आरशावर पोट भरण्याला आहे, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. ग्रीसमधील पात्रास येथे दिमितर देवीच्या मंदिरापुढील झऱ्यावर आजाऱ्यांसाठी आरशाचा कौल घेत असत, असे पौसानियास हा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सांगतो. आरसा बारीक दोरीने खाली सोडत, त्याची कड पाण्याला जेमतेम टेकू देत, मग प्रार्थना करून व धूप जाळून त्यात पाहत. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातील विद्वान जॉन डी यांचा म्हणून ओळखला जाणारा ज्वालामुखीय काचेचा काळा आरसा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि ती काच मेक्सिकोतील पाचुका येथील असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीतून दिसून आले. त्या देशातील अॅझ्टेक लोकांच्या एका प्रमुख देवाचे, तेझ्कात्लिपोका याचे, नावच ‘धुराचा आरसा’ अशा अर्थाचे आहे. डी यांच्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट अशी की ते स्वतः क्वचितच पाहत. पाहण्याचे काम त्यांचा साथीदार एडवर्ड केली करी आणि डी शेजारी बसून प्रत्येक शब्द लिहून घेत. शक्य असल्यास आपणही एका विश्वासू माणसाला असे लेखनासाठी बसवावे.

आता खोलीची मांडणी. वेळ रात्रीची, जेवणानंतर निदान दोन तासांनी असावी. आरसा टेबलावर, पाहणाऱ्यापासून दीड ते दोन फुटांवर, पाठीमागे पुस्तकांचा टेकू देऊन थोडा वर कललेला ठेवावा, म्हणजे त्यात छताचा अंधारा भाग दिसेल आणि स्वतःचे डोके दिसणार नाही. अमेरिकन डॉक्टर रेमंड मूडी यांनी १९९० च्या दशकात शोकग्रस्तांसाठी अशी खोली तयार केली, तेव्हा त्यांनीही मोठा आरसा मुद्दाम उंचावर लावला होता, म्हणजे खुर्चीत रेललेल्या माणसाला स्वतःचे प्रतिबिंब दिसू नये. उजेडासाठी समई एकाच वातीने लावून आपल्या पाठीमागे, कमरेच्या खालच्या पातळीवर ठेवावी. ज्योत आरशात दिसत असेल तर समई बाजूला सरकवावी. पदर, ओढणी आणि खिडकीचा पडदा ज्योतीपासून दूर आहेत ना, हे बसण्यापूर्वी पाहावे. समई नको असेल तर झिरोचा बल्ब पाठीमागे लावावा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

नाशिकच्या थंडीविषयी एक सूचना आवश्यक आहे. आरशात पाहताना आरंभी काचेवर धुक्यासारखे काहीतरी पसरते आणि मग त्यातून आकार दिसू लागतात, असे या विषयावर लिहिणारे बहुतेक जण सांगतात, आणि तो अनुभव येतोही. परंतु पौषातल्या रात्री काच इतकी गार असते की जवळ बसलेल्या माणसाच्या श्वासाने तिच्यावर खरोखरचे धुके धरते. एका हिवाळ्यात मी पंधरवडाभर माझ्याच श्वासाची वाफ भक्तिभावाने वहीत नोंदवत होते. त्यानंतर मी आरसा हातभर दूर सरकवला आणि बसण्यापूर्वी अर्धा तास तो खोलीच्या उबेत ठेवू लागले.

सगळ्यांत अधिक वेळ प्रश्नाला द्यावा. प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहावा, आणि तो स्वतःविषयीचा असावा. ‘होईल का’, ‘करावे का’ अशा हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नाला आरशात उत्तर मिळत नाही, कारण तेथे दिसतात त्या प्रतिमा असतात, आणि प्रतिमेला होकार किंवा नकार नसतो. आमच्या वडिलोपार्जित वाड्याची विक्री ठरत होती, तेव्हा ‘वाडा विकावा का’ हा प्रश्न घेऊन मी तीन रात्री बसले आणि काळ्या काचेपलीकडे काहीही दिसले नाही. चौथ्या रात्री प्रश्न बदलून ‘वाडा विकण्यात मला नेमके काय जड जाते’ असा लिहिला. बऱ्याच वेळाने एक उभी फिकट रेघ दिसली, आणि ती माजघराच्या अर्धवट उघड्या दाराची फट आहे, हे मला विचार न करता कळले. माजघरात आईची ट्रंक होती आणि आई गेल्यापासून मी ती उघडली नव्हती. मी प्रथम ट्रंक आवरली, मग सहीसाठी गेले. त्या रात्रीच्या उत्तरात मला आधी ठाऊक नव्हते असे काहीही नव्हते, आणि म्हणूनच मी त्याला खरे उत्तर मानते. आरसा बाहेरची बातमी आणतो, चोराचे नाव किंवा परीक्षेचा निकाल सांगतो, असे मला इतक्या वर्षांत कधी आढळलेले नाही. जे आपण मनात मागे सारून ठेवलेले असते, ते मात्र तो पुढे आणून ठेवतो.

प्रत्यक्ष पाहताना ताठ परंतु आरामात बसावे, दहा-बारा संथ श्वास घ्यावेत, प्रश्न एकदा मनात म्हणावा आणि सोडून द्यावा. नजर काचेच्या पृष्ठभागावर न रोखता तिच्या आत, हातभर पलीकडे काहीतरी आहे अशा रीतीने सैल ठेवावी. पापण्या मिटू द्याव्यात. न मिटता पाहण्याचा हट्ट केल्यास डोळ्यांतून पाणी येण्याखेरीज काही साधत नाही, आणि ते त्राटकाचे, म्हणजे पापणी न लववता एकटक पाहण्याच्या साधनेचे, निराळे शास्त्र आहे. पहिले काही दिवस दहा मिनिटे आणि पुढे फार तर वीस मिनिटे पुरेत. आकार दिसू लागला की त्याच्यामागे धावू नये, म्हणजे ‘हा कोण’, ‘हे काय’ असे लगेच विचारू नये, कारण विचारताक्षणी नजर आवळते आणि आकार मोडतो. अनेकांना काचेत काही दिसतच नाही, परंतु मनात एखादा शब्द, वास किंवा जुना प्रसंग उमटतो. तोही नोंदवण्याइतकाच मोलाचा समजावा. भीती वाटली तर धीर धरून बसून राहू नये. दिवा लावावा, पाणी प्यावे, घरच्यांशी बोलावे.

संपल्यावर लगेच, उठण्यापूर्वी, वहीत तारीख, वेळ, प्रश्न आणि जे दिसले ते दिसले त्याच क्रमाने लिहावे. ‘पांढरी उभी रेघ, डावीकडे’ असे लिहावे. ‘आईचा निरोप’ असे लिहू नये. अर्थ लावण्याचे काम दुसऱ्या दिवशी उजेडात करावे आणि तो वेगळ्या शाईने समोरच्या पानावर लिहावा, म्हणजे पाहिलेले आणि लावलेले यांची सरमिसळ होत नाही.

काही माणसांनी हा प्रयोग करूच नये. मनोविकारावर उपचार घेत असलेल्यांनी, भास होत असलेल्यांनी, अपस्माराचा त्रास असलेल्यांनी आणि जवळचे माणूस नुकतेच गमावलेल्यांनी तो टाळावा. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना आरशातील हे भास अधिक तीव्रतेने होतात, असे कापुतो व त्यांच्या सहकाऱ्यांनीही नोंदवले आहे. लहान मुलांना कधीही बसवू नये. अंगठ्याच्या नखावर काजळ लावून लहान मुलाला त्यात पाहायला लावायचे आणि चोरीला गेलेल्या वस्तूचा माग विचारायचा, ही अंजनाची रीत आपल्याकडे होती. मूल घाबरून मोठ्यांना हवे तेच नाव उच्चारते, आणि आळ बहुधा घरात काम करणाऱ्या गरीब माणसावर येतो. याहून मोठा अन्याय आरशाच्या हातून घडणार नाही. पायाळू (पायांकडून जन्मलेल्या) माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून गुप्तधन शोधण्याच्या समजुतीने तर याहून भयंकर प्रकार घडवले आहेत. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे उकळणे किंवा गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. दुसऱ्यासाठी आरशात पाहू नये, आणि त्याबद्दल एक रुपयाही घेऊ नये. आजाराचा प्रश्न असेल तर डॉक्टरांकडे जावे.

वापरून झाल्यावर आरसा कोरड्या सुती कापडाने फक्त काचेच्या बाजूने पुसावा, रंगाच्या बाजूला ओला हात लावू नये, आणि तो काळ्या कापडात गुंडाळून उभा ठेवावा. आडवा ठेवल्यास वर काहीतरी ठेवले जाऊन रंगावर ओरखडे पडतात. पाण्याचे भांडे वापरले असेल तर पाणी तुळशीला घालावे. आठवड्यातून एकदाच बसावे, आणि महिन्याने वहीची सगळी पाने सलग वाचून काढावीत. एकच आकार वेगवेगळ्या प्रश्नांच्या वेळी पुन्हा पुन्हा आलेला असेल, तर पुढच्या वेळी प्रश्न त्या आकाराविषयी लिहावा.