पृथ्वीचं वय सुतळीवर कसं मांडायचं

कोटी वर्षं म्हणजे किती, हे पोरांना नुसतं सांगून कळत नाही, चालवून दाखवावं लागतं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. आता मे महिन्यात बिल्डिंगमधल्या पोरांना घेऊन शिवाजी पार्कात ही सुतळी बांधते. तुम्हालाही सहज जमेल.

सुतळीचा मोठा गुंडा, सुताराकडची मेझर टेप, कपड्यांचे चिमटे आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या घ्या. नायलॉनची दोरी नको. ताणली की लांबते आणि सगळी मापं हुकतात.

एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षं धरा. मग सेंटिमीटरला १० लाख आणि मिलिमीटरला १ लाख. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं, म्हणून सुतळी कापायची ४५ मीटर ४० सेंटिमीटर. एका टोकाला ‘जन्म’, दुसऱ्याला ‘आज’. सकाळी लवकर, खेळणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत, कट्ट्याच्या कडेने ती बांधून घ्या.

पोरं डायनासोरकडे धावतील. धावू देऊ नका. पहिला दीड मीटर सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि शाळेत तोच दोन ओळींत उरकतात.

जन्माच्या टोकाशी सगळ्यांना खाली बसवा. सूर्याभोवतीच्या धुळीचे गोळे झाले, ते एकमेकांवर आदळत मोठे झाले. त्या टकरींच्या आणि किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या उष्णतेने पृथ्वी वितळली. जड लोखंड बुडून मध्यभागी गेलं, हलका खडक वर राहिला. हे तोंडी सांगू नका. काचेच्या बरणीत साखरेचा पातळ पाक घ्या, त्यात लोहकीस आणि लाकडाचा भुसा एकत्र टाकून ढवळा आणि बरणी स्थिर ठेवा. लोखंड तळाशी बसतं, भुसा वर येतो. त्याच लोखंडी गाभ्यामुळे पृथ्वीला चुंबकीय क्षेत्र मिळालं, हेही तेव्हाच सांगा.

जन्मापासून साधारण ४० सेंटिमीटरवर चंद्राचा चिमटा लावा. मंगळाएवढा एक गोल पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या मालमसाल्यातून चंद्र झाला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

पुढे, जन्मापासून एक मीटर ४० सेंटिमीटरवर झिरकॉन. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेला, मिठाच्या कणाएवढा, ४४० कोटी वर्षांचा स्फटिक. इथे चांगला वेळ काढा. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेत नाही. युरेनियमचं ठरावीक वेगाने शिसं होत जातं, म्हणून आत सापडलेल्या शिशावरून वय निघतं. पृथ्वीचं वयही क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशावरूनच काढलं. “तेव्हा तिथे कोण होतं बघायला?” असं कोणी ना कोणी विचारतंच, त्याला हे उत्तर नीट द्या.

यापुढची मापं ‘आज’च्या टोकाकडून घ्या. सूक्ष्मजीवांनी घडवलेले थर ३५ मीटरच्या आसपास, हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो २४ मीटरवर. मधला लांब पल्ला पोरांना गप्प चालू द्या. शेवटच्या ५ मीटर ४० सेंटिमीटरशी कवच असलेल्या प्राण्यांची गर्दी होते. डायनासोर सव्वादोन मीटरच्या आसपास येतात आणि ६६ सेंटिमीटरवर संपतात. माणूस शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये आहे; त्याला चिमटा लावता येत नाही, पेनाने रेघ मारा.

त्या ६६ सेंटिमीटरच्या जवळपास आपल्या मुंबईचाही चिमटा हवा. दख्खनचा लाव्हा तेव्हाच ओतला जात होता. पुढच्या रविवारी अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलला पोरांना न्या. थंड होताना तडकून बनलेले काळ्या दगडाचे उभे खांब तिथे हात लावून बघता येतात. सुतळीचा तेवढा तुकडा सोबत ठेवा, त्यांना माप आपोआप आठवतं.

सुतळी गुंडाळताना ‘आज’चं टोक आत घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सोडताना जन्माचं टोक आधी हाती येईल.