घरच्या माणसाला शियात्सू कसं द्यावं

सासरे गेल्यानंतर सासूबाईंची झोप उडाली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज यायचा. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, लाकडी माळ्याचं. आवाज थेट वर पोहोचतो. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं. पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्यांना आता कुणाचा हातच लागत नव्हता. नमस्कार करताना पायाला बोटं टेकायची, तेवढंच. त्यांच्यासाठी म्हणून मी शियात्सू शिकले.

जपानी भाषेत 'शी' म्हणजे बोट आणि 'आत्सू' म्हणजे दाब. तोकुजिरो नामिकोशी यांनी लहानपणी आईचे दुखरे सांधे दाबता दाबता ही पद्धत बसवत नेली आणि 1940 मध्ये टोकियोत तिची शाळा काढली. पुढे शिझुतो मासुनागांनी तिला 'की' म्हणजे प्राणशक्तीच्या वाहिन्यांची जोड दिली. या वाहिन्या विज्ञानाने सिद्ध झालेल्या नाहीत. संथ दाबाने आखडलेले खांदे सैल पडतात आणि श्वास लांब होतो, हे मात्र हाताखाली कळतं.

बडोद्याला मालीश नवी नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावात तेल आणि रगडणं घरोघरी ठाऊक आहे. शियात्सूत दोन्ही नसतं. कपडे अंगावरच राहतात, हात सरकत नाही. तो एका जागी टेकतो, थांबतो, उचलला जातो.

सुरू करण्याआधी विचारा. पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंच्या दंडावर अंगठा जोरात रोवला आणि दुसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढा काळानिळा डाग उमटला. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेतात, आणि घरात राहून मी ते विचारलं नव्हतं. त्यानंतर डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरुवात केली, तीही फक्त तळहाताने, अगदी हलकी. ठिसूळ हाडं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कॅन्सर, हृदयविकार, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. अंगात ताप असेल तर त्या दिवशी नाही. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर तिला हात लावू नका, लगेच दवाखाना गाठा. आत रक्ताची गाठ असू शकते.

जेवण होऊन दीड-दोन तास झालेले असावेत. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर पातळ गादी किंवा दोन गोधड्या घाला. पलंग नको, दाब स्प्रिंगमध्येच जिरतो. पंखा हळू, टीव्ही बंद, आपली नखं कापलेली, हात एकमेकांवर चोळून ऊब आणलेली.

आता मुख्य गोष्ट, दाब. बहुतेकांचं इथेच चुकतं. दाब मनगटातून द्यायचा नाही. माणसाशेजारी गुडघ्यांवर बसा, कोपरं न वाकवता हात सरळ ठेवा आणि कंबरेतून पुढे झुका. अंगाचं वजन आपसूक हातात उतरतं. ते शरीरावर सरळ उभं पडावं, तिरकं नाही. समोरच्याचा श्वास सुटताना झुकायचं, पाच ते सात सेकंद तिथेच राहायचं आणि श्वास आत जाताना सावकाश परत यायचं. 'दुखतंय, पण बरं वाटतंय' इथवर ठीक. कपाळाला आठी पडली की जास्त झालं.

सुरुवात पाठीपासून. माणूस पालथा; तसं झोपवत नसेल तर कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. आधी नुसता तळहात पाठीवर ठेवा आणि दोन-तीन श्वास काहीच करू नका. हे मला फार मोलाचं वाटतं. हात ओळखीचा झाला की पाठ स्वतःहून खाली बसते. मग मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यापासून दोन बोटं सोडून, खांद्यापासून कंबरेपर्यंत तळहाताने दाबत या. प्रकृती धडधाकट असेल तर दुसऱ्या फेरीत अंगठे वापरा. प्रत्यक्ष मणक्यावर कधीच दाब नाही. फासळ्यांखाली, कंबरेच्या वर, हात हलका.

खांदे आणि मान बसवून घ्या, पण स्टुलावर; झोपाळा हलतो. मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध जो कडक उंचवटा लागतो, तिथे अंगठा. कवटीच्या तळाशी मानेच्या दोन्ही बाजूंना खळगे असतात, तिथे तीन सेकंदांहून जास्त नको. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी उडते, तिथे बोट न्यायचंच नाही.

पायांत मला 'सान्री' हा बिंदू आवडतो. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या हाडाबाहेर एक बोट. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून आलेल्या माझ्या मुलीचे पाय याच बिंदूपासून सुरू होतात. शेवटी तळवा: बोटं आत वळवली की पुढच्या भागात खळगा पडतो, तिथे तीनदा.

मनावर भार असेल तर हातांवर जास्त वेळ द्या. मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजा; तिथे दोरीसारखे लागणारे जे दोन स्नायुबंध आहेत, त्यांच्या मधे अंगठा हलकेच ठेवा. तळहाताचा मधला भाग दोन्ही अंगठ्यांनी उघडा. एखाद्याला रडू येतं. येऊ द्या. का, काय, विचारू नका आणि हात काढू नका. सासूबाई चौथ्या दिवशी रडल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अगं, यांचे हात असेच गरम असायचे."

एवढ्याने दुःख जात नाही. झोप, भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा; हे त्या उपचारांच्या सोबतीने करायचं.

सगळं अर्ध्या तासात आटपा. शेवटी तळहात पुन्हा पाठीवर मिनिटभर ठेवा आणि अगदी सावकाश उचला. अंगावर चादर घाला, दहा मिनिटं उठवू नका, मग कोमट पाणी द्या. सासूबाई तोवर घोरायला लागलेल्या असतात, म्हणून मी फुलपात्र झाकून उशाशी ठेवते.