मुलांचं ॲसिडिटीचं औषध देताना या चुका टाळा

‘औषध लागूच पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलण्याआधी ते घरात कसं दिलं जातंय, हे एकदा बघा. ॲसिड घशाशी येत असेल तर मुलांना ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल, इसोमेप्राझोल अशी औषधं लिहून देतात. वेळ किंवा पद्धत चुकली की ती निम्मीशिम्मीच काम करतात.

सगळ्यात जास्त घोळ कॅप्सूलचा. मूल ती गिळत नाही, मग आज्जी कॅप्सूल फोडून आतले दाणे खलबत्त्यात कुटते आणि कोमट दुधात ढवळून पाजते. माया खरी, पण औषध वाया जातं. त्या प्रत्येक दाण्यावर लेप असतो. पोटातलं आम्ल औषध नासवतं, त्यापासून हा लेप ते वाचवतो आणि पुढे लहान आतड्यात गेल्यावर विरघळतो. दाणा कुटला की लेप गेला. दुधात आम्ल जेमतेम असतं, म्हणून लेप वाटीतच सुटायला लागतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या आपल्या कोल्हापुरात कुठलंही औषध दुधातून द्यायची सवय आहे; या औषधापुरती ती मोडायलाच हवी. कॅप्सूल उघडून चालते का, हे आधी डॉक्टरांना किंवा मेडिकलमधल्या फार्मासिस्टला विचारा. ‘चालते’ म्हणाले, तर शिजवून गार केलेल्या, कुस्करलेल्या सफरचंदाच्या चमचाभर गरात दाणे अख्खे मिसळून लगेच द्या. मुलाने ते चावायचे नाहीत. वरून पाणी द्या. इतकं लहान बाळ असेल की त्याला गर देता येत नाही, तर स्वतः काही जुळवू नका, डॉक्टरांकडून वेगळा प्रकार लिहून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. पोटातल्या पेशी जेवणाच्या वेळी जोमात आम्ल तयार करतात आणि ते थांबवायला औषध तेव्हा रक्तात पोहोचलेलं असावं लागतं. म्हणून साधारण अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी. शाळेच्या गडबडीत नाश्ता झाल्यावर आठवण येते, हे प्रत्येक घरात घडतं. उठल्याउठल्या, दात घासायच्या आधीच देऊन टाका. पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. एका रात्रीत फरक दिसला नाही म्हणून डोस वाढवायचा नाही.

पातळ औषधात मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत होते आणि ती धोक्याची आहे. समजा, बाटलीत दर मिलिलिटरला 8 मिलिग्रॅम औषध आहे आणि डॉक्टरांनी 4 मिलिग्रॅम सांगितलंय. म्हणजे द्यायचं फक्त 0.5 मिलिलिटर. कुणी 4 मिलिलिटर पाजलं तर आठपट डोस गेला! घरातला चमचा वापरू नका, सुई नसलेल्या सिरिंजने मोजा आणि आधी बाटली नीट हलवा. सिरिंजवर किती खुणेपर्यंत भरायचं, ते दुकानातच दाखवून घ्या.

डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. औषध घेताच उलटी झाली तर परत पाजण्याआधी फोन करून विचारा. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला चालत नाही. पाण्यात फसफसणारे सोड्याचे चूर्ण लहान मुलांना घरच्या घरी देऊ नये. बरेच दिवस चाललेलं औषध एकदम बंद केलं तर आम्ल उसळून येऊ शकतं, तेही विचारूनच थांबवा.

तान्ह्या बाळाचं वेगळं. दूध प्यायल्यावर गुळणी टाकणारं बाळ हसतंय, वजन धरतंय, तर त्याला बहुधा औषधाची गरजच नसते. वर्ष-दीड वर्षात ते आपोआप कमी होतं. अशा बाळासाठी शेजारच्या वहिनींनी सांगितलेलं औषध आणू नका.

पण उलटी हिरवी असेल, रक्त दिसलं, शौचाला काळी डांबरासारखी झाली, प्रत्येक दुधानंतर जोराची पिचकारी उडत असेल, बाळ दूधच घेत नसेल किंवा श्वासाला धाप लागत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे नाहीतर थेट सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात न्या, आणि जाताना औषधाची बाटली सोबत घ्या.